म्हातारीचे नवे गुडघे

९ नोव्हेंबर

सांगणारी मी, लिहिणारी सूनबाई. मला अक्षरओळख नाही, तेव्हा ती खरंच काय लिहिते ते तिचं तिला ठाऊक. पुढेमागे कुणी हे वाचलंच, तर एक ध्यानात ठेवावं. यात तिच्याविरुद्ध जे असेल ते माझं, आणि तिचं कौतुक कुठे सापडलं तर ते तिनं मागाहून घुसडलेलं. आत्ता ती हसते आहे. हसते आहेस हेही लिही, असं मला दोनदा सांगावं लागलं.

ही टूम तिचीच. ती औषधांच्या दुकानात दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावते. म्हणाली, आई, तुम्ही खिडकीशी बसून जे बोलता ते सगळं वाया जातं, सवड होईल तेव्हा मी लिहून घेत जाईन. मी म्हटलं, लिहून घेतलं की ऐकावं लागत नाही, हुशार आहेस.

तर आजची बातमी. आमच्या चिरंजीवांनी जीप आणली. आणली म्हणजे ती आपल्या पायांनी आली नाही. पुढे वेल्डरचा टेंपो, मध्ये दोरखंड, मागे ही बया. हा वेल्डर लेकाचा शाळेपासूनचा दोस्त. चटकन पेटतो आणि चटकन विझतो, म्हणून मी त्याला ठिणगी म्हणते. जीपचा एक दिवा आत गेलेला, पत्र्याला गंज, आणि एका अंगाला झुकून उभी. सकाळी खुर्चीतून उठताना मी अशीच दिसत असणार. मी म्हटलं, चला, घरात एक म्हातारी कमी होती.

तिला गॅरेजमध्ये घातली. गॅरेज आमच्या स्वयंपाकघराला लागून, मध्ये एक खिडकी, आणि त्या खिडकीशी माझी खुर्ची. माझे बटाटे, माझी ट्रंक, माझं मोडकं शिवणयंत्र, सगळं तिच्यासाठी जिन्याखाली गेलं. नवी आली की जुनीनं सरकायचं, हे मी सूनबाई आली तेव्हाच शिकले होते.

लेकाचा धंदा लोकांच्या घरांना दारं-खिडक्या बसवायचा. थंडीत बांधकामं मंदावतात. म्हणाला, हात रिकामे राहण्यापेक्षा हिला डोंगर चढायला शिकवतो. मी म्हटलं, आधी उभं राहायला शिकव.

१२ नोव्हेंबर

ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वर डोंगरात आमच्या आईबापांचं घर आहे, तिथे एकटी राहते. ओढ्यावरचा पूल पावसात वाहून गेला तेव्हापासून बस अलीकडेच थांबते. पुढे पाण्यातल्या दगडांवरून पलीकडे जायचं आणि मग नुसता चढ. शेळ्या जातात. माझ्या गुडघ्यांनी संप केलाय, तिच्या कमरेनं राजीनामा दिलाय. त्यामुळे ती वर आणि मी खाली. मधे फोन. तिला ऐकू कमी येतं आणि ते कबूल करायचं नसतं, म्हणून ती अंदाजानं उत्तरं देते. मी विचारलं, थंडी आहे का. म्हणाली, दोन वेळा जेवते.

तिचा मुलगा, माझा भाचा, विमानानं जायचं इतक्या लांब असतो. फेब्रुवारीच्या शेवटी येणार, घराला कुलूप लावणार आणि तिला कायमची घेऊन जाणार. आईला एकटं ठेवणं बरं नाही म्हणतो. बरोबरच आहे त्याचं.

मागच्या महिन्यात हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा लेक म्हणाला, खुर्चीत बसवून चौघं मिळून तुला वर नेतो. मी म्हटलं, चौघांनी उचलायची पाळी एकदाच येते, त्याची रंगीत तालीम करायची मला हौस नाही. आणि माझ्या पायी कुणी खर्चात पडायचं नाही की खोळंबायचं नाही. विषय तिथेच संपला.

ताई म्हणाली, "पत्ते पिसून ठेवलेत. येतेस, की हरायला घाबरतेस?"

मी म्हटलं, तूच ये. ती म्हणाली, हो, दोन वेळा.

रात्री मला जेवण गेलं नाही. बटाटे कच्चे होते. सूनबाई म्हणते नव्हते. बरं, नव्हते.

३० नोव्हेंबर

जीपची आता नुसती हाडं उरलीत. चाकं एकीकडे, दारं एकीकडे, पोटातलं सगळं सतरंजीवर मांडलेलं. दोघं मोठी माणसं तासन्‌तास तिच्याखाली पालथी-उताणी पडून असतात, फक्त पाय दिसतात. चहा नेला की चार पायांपैकी कुठले आपल्या लेकाचे ते मोज्याच्या भोकावरून ओळखायचं.

आज एक नवल झालं. लेक तीन विटा घेऊन स्वयंपाकघरात आला. एक ठेवली, म्हणाला, आई, यावर पाय टाक. टाकला. मग दुसरी तिच्यावर ठेवली. काठीवर भार देऊन टाकला. मग तिसरी. तिसरीवर पाय काही जाईना. मी विचारलं, सर्कशीत भरती करतोस का मला? म्हणाला, न्हाणीघरात पायरी करायची आहे. कमरेचा टेप काढला, विटा मोजल्या, माझा हात कुठवर पोचतो तेही भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून मोजलं. माझ्या लेकाची मापात चूक होत नाही, हे मी कुणालाही सांगते. कुठलंही दार बोटानं ढकला, आवाज न होता लागतं.

न्हाणीघरातली पायरी कधी होते बघू. जीपचं होईल आधी.

१४ डिसेंबर

न्हाणीघरात पायरी नाही. जीपला मात्र नवे गुडघे बसले.

ठिणगीनं मला समजावून सांगितलं. चाकांच्या वर स्प्रिंगा असतात आणि शेजारी एक नळकांडं, ते धक्का खातं. जुनी काढली, नवी लांब बसवली, म्हणजे गाडी वर उचलली जाते आणि पोट दगडाला लागत नाही. मी विचारलं, माझ्या मापाची मिळतात का. तो म्हणाला, काकू, तुमची कंपनी बंद पडली. मेला तोंडाळ आहे, पण हात चांगला आहे.

तिच्या नाकाला एक सोंडही लावली. काळी नळी, बॉनेटच्या बाजूनं निघून टपापर्यंत जाते. पाण्यात शिरली तरी वरून श्वास घेता येतो. मी म्हटलं, एवढ्या खोल पाण्यात जायचंच कशाला? तर दोघांनी एकदम चहाचे कप तोंडाला लावले. कप केव्हाचे रिकामे होते.

सूनबाईचं एक सांगायचं राहिलं. शिवणाचा टेप घेऊन ती माझ्या पाठीमागे लागली आहे. मान ते कंबर, कंबर ते गुडघा, बसून एकदा, टेकून एकदा. स्वेटर विणते म्हणते. गुडघ्यापर्यंतचा स्वेटर मी तरी पाहिलेला नाही. पण आपणहून काही करते आहे तर कशाला मोडता घाला.

२८ डिसेंबर

आज जरा जपून सांगणार आहे, आणि सूनबाईनं जपून लिहावं.

जीपला मागे नवा बाक बसला. ऐसपैस, गुबगुबीत, पाठीला मऊ उशी. त्यावर पट्टे दोन. धरायला दांड्या दोन, त्यांनाही मऊ कापड गुंडाळलेलं. मी मनात म्हटलं, म्हणजे दोघांनी बसायचं. ठिणगी गाडी हाकणार आणि हे राजाराणी मागे हातात हात घालून डोंगर बघणार. लग्नाला एवढी वर्षं झाली, आता हौस आली आहे. येऊ दे. हौसेला मोल नसतं.

पण परवा खिडकी थोडी उघडी होती. लेक म्हणत होता, "आईला आत्ता सांगू नको. एकदा गाडी बाहेर पडली की मग ती काही बोलू शकणार नाही." आणि सूनबाई म्हणाली, हो, आधी कळलं तर त्या रुसून बसतील.

तर मला कळलेलं आहे. दोघं लांबच्या प्रवासाला निघणार, आणि म्हातारीची सोय कुठेतरी लावणार. लावा बापडे. मला काही वाटत नाही. लिही, मला काही वाटत नाही. जाताना बटाटे सोलून ठेवा म्हणजे झालं, सुरी मला धरवत नाही.

पेन का थांबलं गं? डोळ्यात काय गेलं? त्या ठिणगीला सांगा, घासायचं यंत्र चालू असताना खिडकी लावत जा म्हणून. लोखंडाची धूळ उडते ती सगळी आत येते.

स्वेटरचा अजून पत्ता नाही.

१८ जानेवारी

ताईचा फोन आला. आज ती चक्क सरळ बोलली, त्यावरूनच मला धसका बसला. भाच्याला रजा आधीच मिळाली. फेब्रुवारीच्या मध्यावर येतोय. तिनं ट्रंक भरायला घेतली आहे. विचारत होती, आईची पितळी चाळण तुला हवी का. मी म्हटलं, राहू दे, इथे आहेत चाळण्या.

फोन ठेवला आणि जेवणाच्या टेबलावर सांगितलं. लेकानं चमचा खाली ठेवला, सूनबाईकडे बघितलं आणि उठून गॅरेजमध्ये गेला. अर्धं जेवण ताटात. बहिणीची बातमी मी सांगते आहे आणि याला जीपची पडली आहे. आपलंच नाणं खोटं, बोलणार कुणाला.

तेव्हापासून घाई सुटली आहे त्याला. कामावरून आला की कपडे न बदलता जीपखाली. डाव्या भुवईचे केस जळले. सूनबाई मलम लावताना रागावली, तर म्हणतो, दुसरी भुवई आहे ना. ठिणगी रोज येतो. कुणाच्या गेटचं काम अर्धवट टाकून येतो म्हणे, आणि ते लोक त्याला फोनवर शिव्या देतात, तो फोन लांब धरून काम करतो.

माणसं एवढी कशासाठी धडपडतात, मला समजत नाही. डोंगर काय पळून जाणार आहे?

३१ जानेवारी

आजची हकीगत सूनबाईला हसू आवरून लिहिता येत नाही, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर दोष माझा नाही.

सकाळी नवे टायर आले. हे एवढाले, माझ्या छातीपर्यंत. जुने लगेच ठिणगीचा कुणी ओळखीचा घेऊन गेला. दुपारपर्यंत चारही चढले. जॅक काढले. जीप उभी राहिली. खरं सांगते, ताठ उभी राहिली, कुठेही झुकलेली नाही. मला जरा हेवाच वाटला. लेक आत बसला, किल्ली फिरवली, इंजिन गुरगुरलं, ठिणगीनं गॅरेजचं दार सताड उघडलं, आणि गाडी दिमाखात पुढे निघाली. मग टपाचा लोखंडी पाइप वरच्या तुळईला खट्‌कन लागला, आणि स्वारी थांबली.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात. इथे सोंडसुद्धा बाहेर पडली नाही.

नव्या गुडघ्यांनी ती वर गेली, टायरांनी आणखी वर गेली. आत उभी राहून राहून उंच होत गेली, आणि दार जिथे होतं तिथेच राहिलं. ते दार बसवलं कुणी? आमच्या चिरंजीवांनी. जन्मभर लोकांच्या दारांची मापं काढली. माझी मापं काढली, विटांची काढली. स्वतःच्या दाराला टेप लावला नाही. दिव्याखाली अंधार तो असा.

तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला. ठिणगी म्हणाला, तुळई कापू. ती तुळई वरची खोली तोलून धरते, आणि त्या खोलीत हे नवराबायको झोपतात. मी खिडकीतून म्हटलं, उंटावरचा शहाणा आला बघा, उंट आत यावा म्हणून भिंत पाडा म्हणणारा. पाइप कापावा, तर तोच वेल्डिंगनं सांगाड्याला जोडलेला, आणि गाडी उलटली तर माणसं त्याच्यामुळेच वाचतात. तो कापून आईला— असं काहीतरी लेक बोलला आणि थांबला. मला नीट ऐकू आलं नाही.

मी थट्टा करायला आणखी दोन वाक्यं जुळवून ठेवली होती. पण तो तसाच बसून राहिला. टायरवर हात ठेवून. लहानपणी पतंग तुटला की बसायचा तसा. मग नाही बोलले.

१ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना मी लेकाला म्हटलं, गोणी दारातून जात नसेल तर दार तोडत नाहीत, गोणी दाबतात. टायरमधली हवा सोड, आणि आत माणसं भर. नवे गुडघे आहेत ना, वाकू देत जरा.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग चहा तसाच टाकून धावला.

हवा सोडली. जीप फुस्स करून खाली बसली. शेजारचे बेकरीवाले नवराबायको आले, दोघंही चांगले फुगून आलेल्या पावासारखे. त्यांना पार मागे, सामानाच्या जागेत बसवलं. ठिणगी पुढे बसला, मांडीवर सिमेंटची गोणी. लेक गाडी हाकायला. सूनबाई दारात उभी राहून वर बघत होती. म्हणाली, अजून बोटभर.

मधला नवा बाक रिकामाच होता. बेकरीवाली म्हणाली, मी तिथे बसते की. लेक म्हणाला, नको, तिथे नको. मला राग आला. एवढी काय मिजास त्या बाकाची.

तेव्हा सूनबाई आत आली, माझ्या खुर्चीपुढे उभी राहिली. म्हणाली, "आई, आता तुमचंच वजन कमी पडतंय. चला."

मी कुरकुरत गेले. जीपचं दार उघडलं. खाली एक पायरी होती, रुंद, खरखरीत रबर लावलेली. मी उजवा पाय उचलला, आणि तो तिच्यावर गेला. अडला नाही, लटपटला नाही. धरायला म्हणून हात वर केला तर दांडी नेमकी तिथेच. शोधावी लागली नाही. वर गेले, बसले. पाठ टेकली तर उशी बरोबर मला हवी तिथे. गुडघे जेवढे वाकतात तेवढेच वाकले. शेजारी काठी अडकवायला एक कडीसुद्धा.

मी जरा वेळ गप्प बसले. हे कुणालाच सवयीचं नव्हतं, ठिणगीनं मागे वळून बघितलं.

मग मी विचारलं, "ही पायरी कुणाच्या मापाची?"

लेक समोर बघत म्हणाला, "दोन विटांच्या."

गाडी हळूहळू निघाली. तुळई आमच्या डोक्यावरून गेली. सूनबाई म्हणते मधून कागदसुद्धा गेला नसता. बाहेर ऊन होतं. बेकरीवाल्यांनी मागे टाळ्या वाजवल्या. मला समोरचं नीट दिसत नव्हतं. लोखंडाची धूळ, दुसरं काय.

चौघांच्या खांद्यांना माझा नकार होता. चार चाकांबद्दल मी काही बोलले नव्हते. कार्ट्यानं बरोबर फट शोधली.

आणि स्वेटरचं मला आत्ता कळलं. त्या स्वेटरलाच मी पाठ टेकून बसले होते.

८ फेब्रुवारी

जाऊन आलो.

ओढ्याशी गाडी थांबली. लेक खाली उतरला, काठीनं पाण्याचा ठाव घेतला, परत येऊन म्हणाला, आई, घट्ट धर. मी म्हटलं, तू तुझं बघ. पाणी दारापर्यंत चढलं, दगडांवरून चाकं अशी चालत होती जशी मांजर भिंतीवरून. सोंडेतून श्वास घेत म्हातारी पलीकडे निघाली. मग चढ. एकदा इतकी तिरकी झाली की मला नुसतं आभाळ दिसायला लागलं. सूनबाई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. हे तिनं लिहिलंय ना, मी वाचून घेणार आहे दुसऱ्याकडून.

माझ्या शेजारची जागा रिकामी, पट्टा नुसता लोंबतोय. मी विचारलं, तू मागे का नाही बसलीस? म्हणाली, ती जागा दिलेली आहे.

ताई दारातच खुर्ची टाकून बसली होती. आवाज ऐकून बाहेर आली म्हणे. म्हणजे आवाज केवढा असेल विचार करा. मला उतरताना बघितलं, आपली आपण, दांडी धरून, पायरीवर पाय देऊन. डोळे पुसले आणि म्हणाली, "लठ्ठ झालीस."

मी म्हटलं, "बहिरी झालीस."

म्हणाली, "हो, चहा झालाय."

पत्ते खेळलो. ती पान लपवते, लहानपणापासून लपवते, मी तीन वेळा पकडलं. मग निघायची वेळ झाली. ताई म्हणाली, जरा बसून तर बघू या गाडीत. लेकानं हात दिला. ती पायरीवर चढली, माझ्या शेजारी बसली, तिच्या बाजूची दांडी धरली, आणि पट्टा स्वतःच ओढून लावला. मग म्हणाली, चला. लेक म्हणाला, मावशी, कुठे? ती म्हणाली, डाव अर्धा आहे.

ट्रंक भरलेलीच होती. सूनबाईनं ती उचलून मागे ठेवली, इतक्या चटकन की जणू वाटच बघत होती. पितळी चाळण ताईनं मांडीवर घेतली.

उतरताना ताई सबंध वाटभर माझं मनगट धरून होती. तिच्यापुढे दांडी होती, तरी.

१ मार्च

ताई शेजारी बसली आहे आणि म्हणते, मागच्या वेळचं सगळं खोटं आहे, मी एकही पान लपवलं नव्हतं. लिही म्हणते. लिही, आणि पुढे लिही की लपवलं होतं.

भाचा येऊन गेला. ओढा ओलांडून वर जायच्या ऐवजी सरळ इथेच आला. त्याला एकच घोर होता, आई एकटी नको. इथे आमचा गोंगाट ऐकून त्याचा तो घोर गेला, आणि झोपही गेली. ताई त्याला म्हणाली, हिला एकदा नीट हरवते, मग बघू. परत जाताना तो गॅरेजकडे बघून म्हणाला, हवा चांगली येईल का इथे?

कारण आता गॅरेज रिकामं आहे. टायरमध्ये हवा भरली, आणि जीप परत आत जाईना. रोज कोण बेकरीवाल्यांना बोलावणार? ती बाहेर अंगणात ताडपत्रीखाली उभी असते, ताठ. आणि ताईला जिना चढवत नाही. लेकानं दोन दिवस विचार केला, मग गॅरेजचीच तिची खोली करायला घेतली, एक मोठी खिडकी बसवली, उन्हाच्या बाजूला. खाली लाकडाची जमीन केली. ठिणगीनं भिंतीला दांडी लावून दिली, ताईच्या हाताच्या उंचीला. मधली खिडकी आता दिवसभर उघडी असते. ती तिकडे, मी इकडे, पत्ते मधल्या कठड्यावर.

माझे बटाटे अजून जिन्याखालीच आहेत. आणि सूनबाईनं आता खरोखरीचा स्वेटर विणायला घेतला आहे. मापं घेऊन फसवणारी बरीच असतील, पण एवढं चांगलं फसवणारी मी दुसरी पाहिली नाही. हे वाक्य मी सांगितलेलं आहे, तिनं घुसडलेलं नाही. ती लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं.

आज ताईचा पलंग आत न्यायचा होता. ठिणगीनं एक टोक उचललं. लेक म्हणाला, थांब. कमरेचा टेप काढून त्यानं दाराचं माप घेतलं. मग पलंगाचं घेतलं. मग पुन्हा दाराचं.